वर्तुळातली गल्ली

नियम बदलला तेव्हा पाणीशुद्धीकरण केंद्रात काहीच हललं नाही. क्लोरीनचे टनर, म्हणजे ते माणसापेक्षा लांब, आडवे ठेवलेले पिवळे लोखंडी पिंप, होते तिथेच होते. त्यांच्यावरची धूळसुद्धा तीच होती. फक्त किती साठा म्हणजे मोठ्या अपघाताचा धोका, ती मर्यादा नव्या नियमात बरीच खाली आणली होती. त्यामुळे कालपर्यंत ज्याला सगळे नुसतं 'फिल्टर' म्हणत, ते एका सकाळी धोक्याच्या ठिकाणांमध्ये जाऊन बसलं.

मुख्य अभियंत्यांनी केमिस्टबाईंना केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारी ही बाई. तिला केंद्रातले लोक केमिस्टबाई म्हणायचे आणि आता गल्लीतही तेच नाव पडलं होतं.

"आजपासून सुरक्षा अधिकारी तुम्ही," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे एक माणूस नेमावाच लागतो. आणि तुमच्याइतकं क्लोरीन इथे कोणाला कळतं?"

"सर, मी पाण्यातलं क्लोरीन मोजते. चिमूटभर असतं ते."

"मग आता ढीगभर मोजा," साहेब हसले.

पहिलंच काम होतं नकाशावर वर्तुळ काढण्याचं. एक टनर पूर्ण फुटला, वारा मंद असला, तर वायू कुठपर्यंत जाईल? बाईंनी आकडे भरले, कॉम्प्युटरने वर्तुळ काढून दिलं. ती पाहत राहिली. मग नकळत तिचं बोट नकाशावरून सरकायला लागलं. हा बाजार. ही शाळा, जिथे तिची चिमी दुसरीत होती. आणि ही गल्ली. गल्लीतलं उजव्या हाताचं चौथं घर.

"तुमचं घर येतं का आत?" साहेबांनी मागून विचारलं.

"घर येतं. मुलीची शाळाही येते."

"चला, म्हणजे काम मनापासून होईल तुमच्याकडून."

तिला हसता आलं नाही.

घरी सासऱ्यांनी मात्र पोट धरून हसून घेतलं. आप्पांची सगळी नोकरी त्याच केंद्रात पंपावर आणि क्लोरीनच्या खोलीत गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सकाळचा फेरफटका ते केंद्राच्या फाटकापर्यंतच मारायचे.

"क्लोरीन म्हणजे काय वाघ आहे का?" ते म्हणाले. "अगं सूनबाई, त्याच्या शेजारी बसून मी डबा खाल्लाय. गळती झाली की नाकाला फडकं बांधायचं आणि पाना फिरवायचा. झालं."

"आप्पा, तेव्हा एकेक छोटा सिलिंडर असायचा."

"सिलिंडर छोटा होता, माणसं मोठी होती," आप्पा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसले.

नवरा शेजारीच जेवत होता. तो पंखे-मिक्सर दुरुस्त करायचा, गल्लीच्या तोंडाशीच त्याचं दुकान होतं. आप्पा हात धुवायला उठल्यावर तो हळूच म्हणाला, "गल्लीत सांगत बसू नकोस. लोक आपल्यालाच धरतील."

"सांगावंच लागतं. नवा नियम तसाच आहे. आजूबाजूच्या प्रत्येक घराला कळलं पाहिजे."

"आणि नियम आलाच नसता तर?"

तिने भाकरी मोडली आणि खाली पाहत खात राहिली.

घराघरांत जायला सुरुवात केली ती समोरच्या शिवणवाल्या काकूंपासून. काकूंनी मशीन न थांबवताच सगळं ऐकलं. केंद्राचा भोंगा वाजला की पळायचं नाही. दारं-खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची, पंखे बंद करायचे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी साचतो. म्हणून वरच्या मजल्यावर जायचं आणि नाकाशी ओलं कापड धरायचं.

"वरच्या मजल्यावर," काकूंनी दोरा दाताने तोडला. "आणि ज्याला वरचा मजलाच नाही त्याने?"

"शेजारच्यांकडे जायचं, काकू. मी बोलते त्यांच्याशी."

"त्यांच्याशी आमचं चार वर्षं बोलणं बंद आहे. मरताना बोलू म्हणतेस?" काकू हसल्या, पण मशीन थांबलं होतं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "खरंच होऊ शकतं का गं असं?"

"सहसा होत नाही."

"सहसा," काकू म्हणाल्या आणि खिडकीतून फिल्टरच्या उंच टाकीकडे पाहत राहिल्या.

सगळेच काकूंसारखे नव्हते. एका घरातल्या म्हाताऱ्याने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "इतकी वर्षं आमच्या उशाशी आणून ठेवलंत आणि आज सांगायला येता? लाज नाही वाटत?" एकीने कानांवर हातच ठेवले. "मला नका सांगू बाई, मला आधीच झोप येत नाही." कुणी चहा दिला, कुणी तोंडावर दार लावलं. संध्याकाळी घरी परतताना तिला वाटायचं, आपण घरोघरी जाऊन भीतीच वाटत फिरतोय. आणि वाटूनही ती संपत नव्हती, उलट तिच्याजवळची वाढतच चालली होती.

तिला वाऱ्याचा नादच लागला. दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला फडफडतात ते पाहिल्याशिवाय ती घराबाहेर पाऊल टाकेना. रात्री कूस बदलली की आधी खिडकीकडे कान जायचा. मोरी धुवायला आणलेल्या ब्लीचची बाटली नवऱ्याने उघडली, तर आतल्या खोलीत तिला क्लोरीनचाच वास आला. धावत येऊन तिने बाटली हिसकावून घेतली आणि मग तिथेच पाटावर बसून राहिली.

पोरांनी तर त्याचा खेळ करून टाकला. 'भोंगा-भोंगा' म्हणायचे त्याला. एकाने तोंडाने भोंगा वाजवायचा, बाकीच्यांनी फ्रॉक नाहीतर शर्ट नाकाला लावून जिन्यावर पळायचं. जो खाली राहिला तो मेला. एकदा चिमी खाली राहिली. नियमाप्रमाणे ती पायरीशी आडवी झाली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. आप्पांना हसू आवरेना. केमिस्टबाईंनी मात्र लेकीला दंडाला धरून असं खसकन उठवलं की पोर रडायला लागली.

एका दुपारी कुणीतरी गल्लीच्या टोकाला जुनी टायरं जाळली. काळा धूर दिसला मात्र, "आला, आला!" असा ओरडा झाला आणि निम्मी गल्ली रस्त्यावर आली. लोक चपला न घालता, पोरांना काखोटीला मारून, वाट फुटेल तिकडे धावत होते. एक बाई तर धुराच्याच दिशेने धावत होती. अर्ध्या तासाने सगळे एकमेकांकडे पाहून ओशाळं हसले. केमिस्टबाई हसली नाही. ती मनात म्हणत होती, मी सांगितलं आत थांबा आणि हे सगळे बाहेर आले. खरा वायू आला तर हेच होणार.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या मोठ्या बाईंची वेळ मागितली.

शाळा दुमजली होती. वरच्या मजल्यावर एक लांबलचक सभागृह होतं. मुलांना तिथे कसं न्यायचं, कुठल्या खिडक्यांची झडप लागत नाही, पाण्याच्या बादल्या कुठे ठेवायच्या, हे दोघी पाहत होत्या. मोठ्या बाई कडक, पण समजूतदार होत्या. खिडकीच्या खिट्टीला हात लावून त्या काहीतरी विचारत असतानाच भोंगा सुरू झाला.

आधी खालून गुरगुरल्यासारखा, मग चढत चढत कानठळ्या बसवणारा.

"आज चाचणी होती का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही," केमिस्टबाई म्हणाली आणि तिचा स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

तेवढ्यात फोन वाजला. पाळीवरचा ऑपरेटर होता. "बाई, टनर बदलताना नळी सुटली. वॉल्व्ह बसत नाहीये. दोघं मुखवटे घालून आत गेलेत."

"वारा?"

"बाजाराकडे, बाई. शाळेकडेच."

क्षणभर तिला पुढचं काही आठवेचना. इतक्या घरांत तोंडपाठ सांगितलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं. मग खालच्या वर्गातून पोरांचा गलका ऐकू आला आणि त्यात चिमीच्या वर्गातल्या शिक्षिकेचा आवाज, "रांग करा, रांग करा." त्या आवाजाने ती भानावर आली.

"सगळ्यांना वर. पंखे बंद. पडदे काढून भिजवा."

मुलं वर आली. मोठ्या मुलांनी खिडक्या ओढल्या, शिक्षिकांनी ओले पडदे फटींत कोंबले. चिमी रांगेत होती, नाकाला रुमाल लावून, डोळे मोठे करून. आईजवळून जाताना तिने हाक मारली नाही. केमिस्टबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशीच जिना उतरून फाटकाकडे धावली.

फाटकाशी आईबाप जमले होते आणि गर्दी वाढतच होती. शिपायाने कुलूप लावलं होतं आणि लोक गज धरून हलवत होते. "उघड! पोरं दे आमची!" कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. त्यांच्या डोक्यांवरून तिने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे, पार जमिनीलगत, पिवळट-हिरवं काहीतरी सरकत होतं. घाई नसल्यासारखं, आरामात. झाडाच्या बुंध्याला वळसा घालून ते पुढे येत होतं.

"उघडा फाटक," ती शिपायाला म्हणाली. "सगळ्यांना आत घ्या. बाहेर मात्र कुणी जाणार नाही."

लोंढा आत आला. ती हात आडवे करून जिन्याच्या तोंडाशी ओरडत होती, "वर चला! पोरं वर आहेत! वर चला!" बरेच जण गेले. एक उंच माणूस मात्र वर जाऊन मुलाला हाताला धरून पुन्हा जिना उतरत होता. मुलाच्या पाठीवर दप्तर तसंच होतं.

"माझी गाडी बाहेर आहे," तो म्हणाला. "दोन मिनिटांत लांब काढतो याला."

"जाऊ नका. रस्ता बाजाराच्या उताराकडे जातो, वायू तिथेच साचणार. वर थांबा."

"तुम्ही कोण मला सांगणार?"

ती काही बोलणार तोच फाटकातून नवरा स्कूटरसकट आत आला. घामाने निथळत होता. तिला पाहताच ओरडला, "चिमी कुठाय? आण तिला, चल, बस मागे!"

"वर आहे ती. तूही वर चल."

"डोकं फिरलंय का तुझं? आपण निघू शकतो अजून!"

"सगळ्यांच्या पोरांना वर ठेवायचं आणि आपली तेवढी घेऊन जायची?"

"हो! आपली तेवढी!" त्याचा आवाज फाटला. मग त्याने एकदम विचारलं, "आणि आप्पा? ते घरी नाहीत. फोन उचलत नाहीत. मी बघून येतो."

त्याने स्कूटर वळवली. तिने धावत जाऊन हँडल धरलं. हवेत आता तो वास होता, नाकात सुई खुपसल्यासारखा. तो खोकला. तीही खोकली. आप्पा कुठे असतील हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. भोंगा ऐकून ते केंद्राकडेच गेले असणार, तिथल्या पोरांना पाना कसा फिरवायचा ते सांगायला. त्या दिशेलाच ते हिरवं होतं.

"सोड," तो म्हणाला. "बाप आहे माझा."

तिने किल्ली फिरवून काढली आणि मुठीत धरली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तसं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो तिला मारेल असं तिला वाटलं. मग दोघांनाही खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती त्याला शर्टाला धरून ओढतच जिन्याकडे घेऊन गेली. तो उंच माणूस आणि त्याचा मुलगा तिथे नव्हते.

वर सभागृहात दीडशे-दोनशे माणसं होती आणि तरी शांत होतं. फक्त खोकणं आणि मधूनच एखाद्या लहान मुलाचं हुंदके देणं. बंद खोलीत उकाड्याने जीव गुदमरत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, हाच तो वायू. एक बाई उठून खिडकी उघडायला गेली, तिला दोघींनी धरून खाली बसवलं. चिमी बापाच्या मांडीवर बसली होती. तो तिच्या केसांवर हनुवटी टेकवून भिंतीकडे पाहत होता. केमिस्टबाई दाराशी उभी होती, पडदा सुकला की पुन्हा भिजवत होती. किल्ली अजून तिच्या मुठीत होती. तिला सारखं वाटत होतं की आपण चुकलो. वायू जिन्यावरून वर येईल, आपण या सगळ्यांना कोंडून मारलं, पळाले असते तर वाचले असते. दाराखालून काही रंग दिसतो का ते ती वाकून वाकून पाहत होती.

किती वेळ गेला कुणाला कळलं नाही. मग फोन वाजला. ऑपरेटर खोकत खोकत म्हणाला, "बसला, बाई. वॉल्व्ह बसला."

तरी वारा फिरून हवा स्वच्छ होईपर्यंत तिने कुणाला खाली सोडलं नाही.

शाळेतलं कुणी गेलं नाही. बऱ्याच जणांचे डोळे सुजले, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं, संध्याकाळपर्यंत ते परत आले. तो उंच माणूस आणि त्याचा मुलगा बाजाराच्या उतारावर सापडले. गाडी बंद पडली होती. बापाने मुलाला एका टपरीच्या छपरावर चढवलं होतं आणि स्वतः खालीच राहिला होता. मुलगा जगला.

आप्पा केंद्राच्या फाटकाजवळ सापडले, भिंतीला टेकून बसलेले. अग्निशमनवाल्यांनी त्यांना उचललं.

दवाखान्यात नवरा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ती एका बाजूला उभी, तो दुसऱ्या बाजूला. मधे खाट. तिसऱ्या दिवशी आप्पांनी मुखवटा थोडा बाजूला सरकवला.

"मला वासच आला नाही गं," ते तिला म्हणाले. "सगळे पळत होते आणि मी विचारत होतो, कुठाय, कुठाय?"

डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं थोडं थोडं हुंगून नाक कधीच गेलं असेल त्यांचं. त्यांनाही कळलं नसेल. आप्पांनी ते ऐकलं. मग मुलाकडे मान वळवली.

"किल्ली काढली म्हणे हिने तुझी."

नवरा खाटेवरची चादर सरळ करायला लागला.

"बरं केलं. नाहीतर शेजारच्या खाटेवर तू असतास आणि आपल्या दोघांचे डबे हिला आणावे लागले असते." एवढं बोलून त्यांना ढास लागली. नवऱ्याने मुखवटा नीट बसवला. त्या संध्याकाळी घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "बस मागे." तेवढंच. पण तो बोलला.

गल्लीत दोन तट पडले. शिवणवाल्या काकू भेटेल त्याला सांगायच्या, शेजारच्यांचं दार लाथेने उघडून मी सगळ्या लायनीला गच्चीवर नेलं, आता आमचं बोलणं सुरू झालंय. दुसरे म्हणायचे, इतकी वर्षं कधी काही झालं नाही, ही बाई घरोघर अभद्र बोलत फिरली आणि ओढवून घेतलं. त्या उंच माणसाची बायको एकदा रस्त्यात समोर आली. केमिस्टबाई थांबली. त्या बाईने नुसतं पाहिलं आणि बाजूने निघून गेली. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

आप्पा घरी आले तेव्हा चार पावलं चालले की बसायचे. नवरा म्हणाला, "इथे नको राहायला." तिलाही नको होतं. भोंग्याची साप्ताहिक चाचणी झाली की चिमी अंथरूण ओलं करायला लागली होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा आहे असं कळलं. एका रविवारी दोघं पाहायला गेले. घर छान होतं. तळमजला, पुढे छोटं अंगण, आप्पांना जिना चढायला नको. घरमालक बोलघेवडे होते, घरमालकीण चहा घेऊन आली. अंगणात त्यांचा नातू लाकडी गाडी ओढत होता. नवऱ्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला.

केमिस्टबाई खिडकीशी उभी होती. रस्त्यापलीकडे एक लांब, पत्र्याची, खिडक्या नसलेली शेड होती.

"तिथे काय आहे?" तिने विचारलं.

"ते होय? जुनंच आहे," घरमालक म्हणाले. "आम्ही आलो तेव्हापासून आहे. कधी विचारलं नाही बुवा."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "अगं, राहू दे," तो हळूच म्हणाला.

ती रस्ता ओलांडून गेली. फाटकाशी पहारेकरी खुर्चीत बसला होता.

"बर्फ करतात, ताई," तो म्हणाला. "मोठ्या लाद्या."

"गार कशाने करतात? अमोनिया?"

"असेल. त्या मागच्या टाक्यांत काहीतरी आहे. कधी कधी डोळे चुरचुरतात."

"भोंगा आहे?"

"कसला भोंगा?"

ती परत आली. नवरा अंगणातच उभा होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं आणि तो पायरीवर बसला. घरमालक गोंधळले. "काय झालं? जागा आवडली नाही का?"

"जागा छान आहे," ती म्हणाली.

इथून तसंच निघून जाता आलं असतं. नियमाप्रमाणे तिचं काम तिच्या वर्तुळापुरतं होतं आणि हे घर त्याच्या कितीतरी बाहेर होतं. या माणसांना काहीच ठाऊक नव्हतं आणि ते सुखाने झोपत होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता, पण त्याने नको म्हटलं नाही.

मग तिने सांगितलं. शेडमध्ये काय असावं, ते गळलं तर काय होतं, काय करायचं, काय करायचं नाही. घरमालक "अहो, पण..." म्हणत राहिले आणि मग त्यांचं ते म्हणणंही थांबलं. घरमालकीण हातातला रिकामा ट्रे छातीशी धरून पत्र्याच्या शेडकडे पाहत होती. रोज पाहिलेली ती भिंत आज तिला पहिल्यांदाच दिसत असावी.

तिने वळून अंगणातल्या नातवाला हाक मारली. "आत ये रे."

पोराने गाडी ओढणं थांबवलं नाही.

"आत ये म्हणते ना!" ती ओरडली.